वाचक विचारतात : घरचा पाव आणि अर्धं पाकीट यीस्ट

मे २०२०. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, मग २५ पासून लॉकडाऊन, आणि तेव्हापासून या सदराकडे येणारे प्रश्न बघता बघता बदलले. एरवी लोणचं-पापड-कुरडयांचा हा सीझन, पण या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त पाव, ब्रेड, यीस्ट यांचेच आहेत. बेकऱ्या बंद, कारागीर गावी गेलेले, आणि किराणावाल्याकडे मैदा असेल तर यीस्ट नसतं, यीस्ट असेल तर मैदा नसतो. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त पावाबद्दलच बोलते.

ताई, माझ्याकडे ड्राय यीस्टचं १० ग्रॅमचं एकच पाकीट होतं, त्यातलं अर्धं मागच्या आठवड्यात एका ब्रेडमधे संपलं. दुकानदार म्हणतो पुढचा माल कधी येईल सांगता येत नाही. घरात दोन लहान मुलं आणि सासरे, तिघांनाही सकाळी चहा-दुधाबरोबर ब्रेड लागतो. उरलेल्या अर्ध्या पाकिटात किती दिवस निघतील?
— डोंबिवली

अहो, अर्ध्या पाकिटात सहा ब्रेड निघतील, अगदी आरामात. काळजी करू नका.

बहुतेक रेसिप्यांमधे अर्धा किलो मैद्याला दोन लहान चमचे यीस्ट लिहिलेलं असतं कारण त्यांना ब्रेड दोन-अडीच तासात हवा असतो. यीस्ट हा जिवंत जीव आहे, पीठ ओलं आणि कोमट मिळालं की तो वाढतो, म्हणजे तुम्ही थोडंसं टाकलंत तरी काम तेच होतं, फक्त वेळ जास्त लागतो. आणि सध्या आपल्या सगळ्यांकडे बाकी कशाचीही टंचाई असली तरी वेळ मात्र आहे. वेळ देऊन फुगवलेल्या ब्रेडला चवही कितीतरी चांगली येते, हे मी टंचाई आहे म्हणून सांगत नाहीये, एरवीसुद्धा मी असाच करते.

अर्धा किलो मैदा, पाव लहान चमचा इन्स्टंट यीस्ट (सपाट, भरभरून नको), दीड लहान चमचा मीठ, आणि माठातलं गार पाणी साधारण ३२० मिली. कोमट पाणी मुद्दाम टाळा, डोंबिवलीत आत्ता रात्रीसुद्धा इतकं गरम असतं की पीठ उगाच घाईत फुगून सकाळपर्यंत बसून जाईल. रात्री दहाला हे सगळं पातेल्यात एकत्र कालवा, मळायची गरज नाही, कोरडं पीठ कुठे राहिलं नाही एवढं बघा आणि झाकून ओट्यावर ठेवा. झोपायच्या आधी एकदा ओल्या हाताने गोळ्याची एक कड धरून वर ओढा आणि मधे दुमडा, असं चारही बाजूंनी करा. सकाळी सहाला उठून झाकण काढलंत की बघाल, रात्री खडबडीत ढेकूळ होतं ते आता वर चढून गुळगुळीत झालंय, कडेला बुडबुडे दिसतायत, पातेलं हलवलं तर सगळं एकत्र थरथरतं आणि वास येतो तो किंचित ताडीसारखा, गोडूस. असा वास आला म्हणजे काम झालंय. मग तेलाच्या हाताने लांबट गोळा करून डब्यात घाला, पाऊण तास परत फुगू द्या, आणि ओव्हन २०० डिग्रीवर पूर्ण तापल्यावर ३५ मिनिटं भाजा.

एक राहिलं. पाकीट फोडलेलं आहे म्हणताय तर ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत घालून फ्रीझरमधे ठेवा, बाहेरच्या दमट हवेत ते हळूहळू मरतं. शंका आलीच तर चिमूटभर यीस्ट आणि चिमूटभर साखर दोन चमचे कोमट पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबा, फेस आला तर जिवंत आहे. पाणी बोटाला कोमट लागेल इतपतच हवं, चटका बसेल इतकं गरम पाणी टाकलं तर त्यातच मरेल आणि तुम्हाला वाटेल पाकीटच खराब होतं.

यीस्ट अजिबात मिळत नाही म्हणून गव्हाच्या पिठाचं सावरडो स्टार्टर (पीठ-पाणी आंबवून केलेलं ब्रेडचं विरजण) लावलं. दुसऱ्या दिवशी एवढं फसफसलं की बरणीच्या बाहेर आलं, मी खूष. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम मढं, एक बुडबुडा नाही आणि वासही घाण, ओल्या मोज्यासारखा. फेकून दिलं. दुसऱ्यांदा लावलं, परत तसंच. माझं काय चुकतंय?
— नाशिक

तुमचं काहीच चुकलं नाही, दोन्ही वेळा तुम्ही फक्त दोन-तीन दिवस लवकर हार मानलीत. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण याच टप्प्यावर कितीतरी जण बरणी धुवून टाकतात.

दुसऱ्या दिवशी जे फसफसतं ते यीस्ट नसतं. पिठात असलेले वेगळेच बॅक्टेरिया ओल मिळाली की आधी उठतात, भराभर गॅस करतात आणि तो घाण वासही त्यांचाच. मग पीठ जसजसं आंबट होत जातं तसं त्यांना तिथे जगता येत नाही, ते मरतात, आणि त्या मधल्या एक-दोन दिवसांत बरणीत सगळं शांत दिसतं. पण आतमधे आंबटपणा सहन करणारे बॅक्टेरिया आणि गव्हाच्या सालीवरचं यीस्ट हळूहळू जम बसवत असतात. तुम्ही नेमकं त्यांची वेळ आल्यावर फेकून दिलंत.

तिसऱ्यांदा लावा. चक्कीवरून दळून आणलेलं कोंड्यासकट पीठ घ्या, ५० ग्रॅम पीठ आणि ५० मिली पाणी. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते उकळून गार केलेलं वापरा. रोज एकाच वेळी बरणीत ५० ग्रॅमच ठेवा, बाकी काढा, परत ५० पीठ ५० पाणी घाला आणि बरणीला रबरबँड लावून पातळी बघा. चौथ्या दिवशी मढं दिसलं तरी नेम सोडू नका. नाशिकच्या सध्याच्या उन्हात पाच ते सात दिवसांत वास बदलेल, आधी आंबट ताकासारखा, मग थोडा फळासारखा, आणि चार-पाच तासांत दुप्पट फुगायला लागेल. तसं लागोपाठ दोन दिवस झालं की ब्रेड करा : १०० ग्रॅम स्टार्टर, ५०० ग्रॅम पीठ, ३०० मिली पाणी (नुसती कणीक असेल तर ५०-६० मिली जास्त), दीड चमचा मीठ, आणि पाच-सहा तास. फक्त गुलाबी किंवा केशरी रेष दिसली किंवा वर बुरशीची लव आली तर मात्र सगळं फेकायचं, तिथे हळहळ करत बसू नका.

आणि रोज जे काढता ते टाकू नका हो, या दिवसांत पीठ टाकणं बघवत नाही. आंबट वास यायला लागल्यावर त्यात थोडं बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी घाला, पावापेक्षा तीच आधी संपतील. पहिल्या तीन-चार दिवसांचं घाण वासाचं मात्र खाऊ नका, ते झाडांच्या मातीत मिसळा.

मी ७६ वर्षांची आहे. ७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, पण मुलांना तीच घातली. आता सूनबाई घरी ब्रेड करते आणि मैदा संपला की हिरमुसते. घरात ज्वारी पोतंभर आहे. ज्वारीचा ब्रेड होईल का?
— सांगली

आजी, तुमचं पत्र मी आमच्या घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. अमेरिकेतून आलेली ती मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, ही नावं माझ्या आईच्या तोंडी कायम असायची, आणि ताटात भाकरीचा तुकडा टाकला तर ती काय म्हणायची ते मला अजून आठवतं.

नुसत्या ज्वारीचा ब्रेड होणार नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की एक चिकट लवचिक जाळं तयार होतं, त्यात यीस्टचा गॅस फुग्यासारखा अडकून राहतो म्हणून ब्रेड फुगतो. ज्वारीत ते जाळंच नाही, म्हणूनच भाकरीला आपण गरम पाणी घालतो, उकड काढतो, तेव्हा कुठे थापायला जमते. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण सूनबाईंना सांगा, अर्धा किलोत १०० ग्रॅमपर्यंत ज्वारी खपून जाते. आणि ती कोरडी घालण्यापेक्षा तुमच्याच पद्धतीने घाला, म्हणजे १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठावर दीडशे मिली उकळतं पाणी ओतून उकड करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग उरलेल्या ४०० ग्रॅम मैद्यात किंवा कणकेत मिसळा. उकडीत पाणी धरून राहतं त्यामुळे ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ही उकड तुम्हीच करून द्या, तुमच्या हाताला तिचा अंदाज आहे.

इकडे लेस्टरमधे सुपरमार्केटमधले पिठाचे रॅक पाच-सहा आठवडे रिकामे आहेत, स्ट्राँग ब्रेड फ्लोअर (ब्रेडसाठीचं खास पीठ) तर बघायलाही मिळत नाही. बातम्यांमधे म्हणतात गहू भरपूर आहे. मग पीठ जातं कुठे? आमच्याकडे फक्त इंडियन दुकानातून आणलेली चपातीच्या आट्याची १० किलोची बॅग आहे.
— लेस्टर, इंग्लंड

बातम्या खरं सांगतायत, गहूही आहे आणि पीठही दळलं जातंय. ब्रिटनमधे जेवढं पीठ तयार होतं त्यातलं जेमतेम ४ टक्के दुकानातल्या छोट्या पिशव्यांमधून विकलं जातं, बाकीचं टँकरने किंवा मोठ्या पोत्यांतून बेकऱ्या आणि कारखान्यांकडे जातं. आता सगळा देश एकदम घरी ब्रेड करायला बसला, आणि दीड किलोच्या पिशव्या भरणारी मशीन्स मात्र तेवढीच. गिरण्या रात्रंदिवस पॅकिंग करतायत तरी पुरत नाही. म्हणजे टंचाई पिशवीची आहे, धान्याची नाही, हे कळलं की मनावरचा ताण थोडा उतरतो. तुमच्या शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचाराल तर त्या खरी टंचाई सांगतील : तिथे युद्ध चालू असताना ब्रेडवर रेशन नव्हतं, ते आलं युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८. आणि १९४२ पासून पांढऱ्या ब्रेडच्या जागी करड्या रंगाचा, कोंड्याचा काही भाग तसाच ठेवलेला नॅशनल लोफ खावा लागला, तो लोकांना मुळीच आवडायचा नाही.

तुमचा आटा म्हणजे मोठा ठेवा आहे. चपातीचा आटा दगडी जात्यासारखा दाबून दळलेला असतो, त्यामुळे तो मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पितो, हे लक्षात न घेता इंग्लिश रेसिपीचं माप लावलं की वीट तयार होते. अर्ध्या किलोला ३७०-३८० मिली पाणी घ्या. नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, आपण पोळ्यांची कणीक भिजवून ठेवतो तसंच, मग मीठ आणि यीस्ट घालून मळा. इथल्या मैद्याइतका उंच नाही होणार पण चवीला खमंग होतो.

यीस्टही नसेल तर आजच्या आज होणारा सोडा ब्रेड करा, आयर्लंडमधे घरोघरी करतात तो. २५० ग्रॅम आटा, अर्धा लहान चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, २०० ते २२० मिली आंबट ताक. ओव्हन आधी २०० वर तापलेला पाहिजे कारण ताक पडल्या क्षणी सोडा काम सुरू करतो आणि थांबलात तर गॅस उडून जातो. मळायचं नाही, गोळा करून वर सुरीने खोल फुली मारायची आणि ३०-३५ मिनिटं. त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी कडक होतो.

लॉकडाऊन लागल्यावर पहिले काही दिवस पोदेर (आमचा पाववाला) आलाच नाही. पहाटे सायकलच्या भोंप्याचा आवाज नाही हे आमच्या पपांना सहन होईना, रोज उठून गेटपाशी जाऊन उभे राहायचे. आता येतो पण कधी येतो कधी नाही. घरी पोई (गोव्याचा कोंडा लावलेला गोल पाव) करता येईल का?
— मडगाव

करता येईल, आणि पपांसाठी जरूर करा. पोदेराच्या लाकडाच्या भट्टीची धग घरच्या ओव्हनमधे येत नाही हे आधीच सांगते, पण जवळपास पोचता येतं.

पूर्वी पोर्तुगीजांच्या काळापासून गोव्यातला पाव फुगायचा तो माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, ताज्या सुरेत जिवंत यीस्ट असतंच. आता बहुतेक ठिकाणी यीस्टच वापरतात. तुमच्या वाड्यावर रेंदेर (माडी काढणारा) असेल आणि त्याच दिवशीची सूर मिळाली तर अर्धं पाणी आणि अर्धी सूर घ्या, यीस्टची गरज पडणार नाही, फक्त सहा-सात तास द्या. नसेल तर वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलेलं पाव चमचा यीस्टचं माप.

३०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम मैदा, मीठ, साधारण ३५० मिली पाणी, सैलसर. फुगल्यावर लिंबापेक्षा मोठे आठ गोळे करून कोंड्यात घोळवा. हा कोंडा विसरू नका, पोईचा तो कोरडा खरखरीत स्पर्श आणि वास त्यातूनच येतो. हाताने थापून बोटभर जाडीच्या गोल करा, वीस मिनिटं झाकून ठेवा. तोपर्यंत ओव्हनमधे ट्रे उलटा घालून जास्तीत जास्त डिग्रीवर अर्धा तास तापवा आणि पोया थेट त्या तापलेल्या ट्रेवर सोडा. दोन-तीन मिनिटांत पोट फुगून आत पोकळी होते, सहा-सात मिनिटांत काढा. ट्रे पुरेसा तापला नसेल तर फुगत नाहीत, बाकी चूक फारशी होत नाही.

मी सातवीत आहे. आजोबांचा ७० वा वाढदिवस ३१ तारखेला आहे आणि त्यांना पावभाजी खूप आवडते. भाजी आई करणार आहे पण पाव कुठेच मिळत नाही. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरमधे पाव होतो का?
— अकोला

होतो! पण गॅसशी काम आहे, तेव्हा आई किंवा बाबा शेजारी उभे पाहिजेत, ही पहिली अट.

कुकरपेक्षा घरातली जुनी जाड कढई बरी. तळाला वाटीभर जाडं मीठ पसर, त्यावर कुकरमधली जाळी ठेव, घट्ट झाकण लाव आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू दे. पाणी अजिबात घालायचं नाही. कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायचं, हे आईला नक्की सांग. डब्याला तेल लावून त्यात पावाचे छोटे गोळे एकमेकांना टेकतील असे लाव, फुगून दुप्पट झाले की डबा जाळीवर ठेव, आच एकदम बारीक कर आणि ३० मिनिटं झाकण उघडू नको. कितीही वाटलं तरी. मग बघ, वरून पांढरेच दिसतील कारण वरून धग नसते, त्यांना बटर लावून तव्यावर उलटे टाक की छान तांबूस होतील. पावभाजीचा पाव तव्यावर भाजतातच, म्हणजे तुझं काम सोपंच आहे. ३१ च्या आधी एकदा चार पावांचा प्रयोग करून बघ.

आणि यीस्ट मिळालं नाहीच तर आजोबांना विचार की लहानपणी शेतात रोडगे कसे करायचे. जाडसर गव्हाच्या पिठाचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, तुमच्या वऱ्हाडातले. त्यात ना यीस्ट ना ओव्हन. वाढदिवसाला ते पाव विसरतील बघ.

थोडक्यात काही :

बेकिंग पावडर आणि यीस्ट एक नाही, एकाच्या जागी दुसरं त्याच मापाने घालू नका (तीन जणांनी विचारलंय). खपली गव्हाचा ब्रेड फारसा फुगत नाही, तो खिरीला आणि पुरणपोळीला ठेवा, ब्रेडला लोकवन घ्या. मधे ओलसर चिकट राहतो म्हणणाऱ्या पुण्याच्या वाचकांनी ब्रेड गरम असताना कापलाय, तासभर जाळीवर गार होऊ द्या. बेकरीवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडे ओली यीस्ट मागा, ५० ग्रॅम तरी देईल, इन्स्टंटच्या तिप्पट वजनाने घालायची आणि फ्रीजमधे ठेवून दोन आठवड्यांत संपवायची.

सोसायटीत माझ्याकडे यीस्ट आहे हे कळल्यापासून समोरच्या वहिनी दर आठवड्याला थोडी मागतात. नाही म्हणवत नाही, आणि माझीही संपत आलीय. काय करू?
— ठाणे

त्यांना यीस्ट देऊ नका, गोळा द्या. पीठ रात्रभर फुगलं की सकाळी त्यातला मुठीएवढा, साधारण १०० ग्रॅमचा गोळा बाजूला काढा, तेल लावलेल्या डब्यात घालून वहिनींकडे पोचवा. जुन्या बेकऱ्या असंच करायच्या, आजच्या पिठातला गोळा उद्याच्या पिठात. वहिनींनी तो अर्धा किलो पिठात कुस्करून मळला की त्यांचा ब्रेड फुगेल, आणि मळलेल्या पिठातून परत मुठीएवढा गोळा त्या मागे ठेवतील. पुढच्या वेळी तुमची यीस्ट संपली तर तुम्ही त्यांच्याकडून आणाल. मी आमच्या मजल्यावर हेच केलंय, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला माझा गोळा आता चार घरांत आहे, दरवाज्याबाहेर स्टुलावर डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे सरकायचं. परवा माझा डबा परत आला तो कैरीच्या लोणच्याची फोड घालून.

फक्त वहिनींना दोन गोष्टी सांगा : गोळा फ्रीजमधे ठेवून तीन दिवसांच्या आत वापरायचा, आणि त्यात मीठ आधीच आहे तेव्हा नवीन पिठाला मीठ घालताना हात जरा आखडता.